लोखंड, जर्मन आणि आमच्या सिस्टर

खोली भाड्यानं देण्याआधी सिस्टरनी मला जमिनीवर मांडी घालून बसायला सांगितलं, आणि मग हात न टेकता उठायला सांगितलं. मी नुकतीच हिमायतनगरहून नांदेडला आले होते, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला. घरमालक गाव विचारतील, लग्नाचं विचारतील, स्वयंपाक काय करतेस ते विचारतील, अशी सगळी तयारी आईनं करून घेतली होती. उठाबशीची तयारी नव्हती. मी अर्धी उठले आणि हात टेकला.

"मांडीचे स्नायू कच्चे हायत," सिस्टर म्हणाल्या. "वरच्या खोलीला जिना लई हाय. त्यानं सुधारतील. घे किल्ली."

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी हाडांच्या वॉर्डात काढली होती. निवृत्त होऊनही गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. दूधवाला म्हणायचा, रेशनवाला म्हणायचा, त्यांच्याहून वयानं मोठ्या बायाही म्हणायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लातूरला कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा आणि तिकडंच सहकुटुंब राहायचा. खाली सिस्टर एकट्या, वर मी.

वॉर्ड सुटला तरी त्यांची नजर वॉर्डातलीच राहिली. बाजारात भाजी घेता घेता त्या अनोळखी माणसाला थांबवायच्या. "तुमचा डावा खांदा खाली आलाय. पिशवी बदला." माणूस गोंधळून पिशवी बदलायचा, तोवर त्या वांगी निवडायला लागलेल्या असायच्या. लग्नाला गेल्या की मंगल कार्यालयातल्या तीन-चार खुर्च्यांवर आधी बसून बघायच्या आणि मग एक पसंत करायच्या. एसटीत मागच्या चाकावरची सीट रिकामी असली तरी उभ्या राहायच्या. "तिथं बसणं म्हंजे मणका उखळात देणं," असं म्हणायच्या. कंडक्टर लोक त्यांना ओळखून होते. पुढची जागा रिकामी करून द्यायचे.

आणि त्या सायकल चालवायच्या. साधी, बायकांची, पुढं टोपली असलेली सायकल नव्हे. हँडल खाली वळलेली रेसिंगची सायकल.

ती त्यांच्याकडं आली कशी, तेही ऐकण्यासारखं होतं. पंजाबातून एक वयस्कर सरदारजी सायकलवर गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला निघाले होते. नांदेडच्या अलीकडं पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडून सिस्टरच्या वॉर्डात आले. सुट्टी मिळाली तेव्हा त्यांचा मुलगा रेल्वेनं न्यायला आला होता. जाताना सरदारजी म्हणाले, "बहनजी, ये अब आप की." सिस्टरना वाटलं, शाल वगैरे असेल. बाहेर येऊन बघतात तर झाडाला टेकवलेली निळी सायकल. शाळेत असताना भावाच्या सायकलवर त्या नळीखालून पाय घालून शिकल्या होत्या, तेवढंच भांडवल. निवृत्तीनंतर ती निळी सायकल त्यांनी दुरुस्त करून घेतली आणि रोज सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली की बाहेर पडू लागल्या. पांढरा पंजाबी ड्रेस, सलवारच्या मोऱ्या क्रेप बँडेजनं घट्ट गुंडाळलेल्या, डोक्यावर स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट. गल्लीतली कुत्रीही पहिले काही दिवस भुंकली, मग त्यांनी सोडून दिलं.

नांदेडला सकाळी सायकली घेऊन निघणाऱ्यांचा एक गट होता. त्यात हाडांचे एक डॉक्टर होते. सिस्टरनी त्यांच्या हाताखाली काम केलेलं. काही व्यापारी होते, एक विमा एजंट होता, दोन-तीन मास्तर होते. जवळजवळ सगळ्यांच्या सायकली नव्या, ॲल्युमिनियमच्या. सिस्टरची एकटीची जुनी, पोलादाची. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, म्हणून सिस्टर त्या सगळ्या सायकलींना जर्मनच्या म्हणायच्या आणि स्वतःच्या सायकलीला लोखंडी.

"जर्मनच्या पातेल्याला पोचा पडला की पडला," त्या म्हणायच्या. "लोखंड लवतं. झाडावानी. रस्त्याचा दणका आधी नळीला बसतो, मंग उरला-सुरला माणसाला. जर्मन लवत न्हाई. सगळा दणका जशाच्या तसा बुडाला आणून देतं."

हे त्या इतक्या खात्रीनं सांगायच्या की लोक ऐकायचे. विमा एजंटानं आपली सायकल विकून पोलादाची घेतली. एका मास्तरांनी लातूरच्या दुकानातून मागवून घेतली. डॉक्टर हसायचे. "सिस्टर, चाकात हवा आहे, गादी आहे, तुमचे हात-पाय आहेत. एवढ्या सगळ्यातून नळीचं लवणं तुम्हाला कळतं?"

"मला कळतं, सर. बुडाला इचारा, बूड सांगतं."

त्या शब्दाला त्या कधी अडखळायच्या नाहीत. वॉर्डात राहिलेल्या बाईला असले शब्द म्हणजे बटाटा-कांदा.

दोन वर्षांत जिन्यानं माझे पाय पक्के झाले आणि मलाही सायकल घ्यावीशी वाटू लागली. सिस्टर म्हणाल्या, लोखंडी घे. डॉक्टर म्हणाले, जर्मनची घे, हलकी पडेल, गंजणार नाही, आराम सारखाच. पुलापलीकडच्या टपरीवर चहा पिता पिता दोघांची माझ्यावरून जुंपली. शेवटी सिस्टरनी कप खाली ठेवला.

"सर, परीक्षा घेऊ. एक लोखंडी, एक जर्मनची, दोन्हीला प्लास्टर करू. मला बगून कळाय नको. मी डोळे मिटून सांगते कोणती कोणती."

आणि खरंच तसं झालं. पुढच्या रविवारी गटातल्या दोघांच्या सारख्याच मापाच्या सायकली आणल्या. सायकल दुकानदारानं दोन्हीला एकसारखे टायर चढवले, सीट आणि हँडल एका उंचीवर आणलं, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातून आणलेल्या कापूस-बँडेजनं दोन्ही सांगाडे गुंडाळून टाकले. वॉर्डातले दोन पेशंट भिंतीला टेकून उभे असावेत तशा त्या दिसत होत्या. सिस्टरनी कुठल्याच सायकलीला उचलायचं नाही की टिचकी मारायची नाही, असं ठरलं. हे नियम त्यांनीच घातले होते.

टपरीसमोरचा सर्व्हिस रोड उखडलेला होता, खडी वर आलेली. त्या पहिल्या सायकलवर गेल्या, आल्या. दुसरीवर गेल्या, आल्या. आम्ही सगळे रस्त्याकडेला उभे. त्यांनी दुसरीच्या सीटवर हात ठेवला.

"ही. ही लोखंडी. पहिलीनं नुसतं कुटलं मला."

दुकानदारानं कात्री लावली. बँडेज सुटत गेलं. आतून चंदेरी नळी निघाली, जर्मनची.

विमा एजंट आपल्या सायकलीकडं बघत होता. मग डॉक्टर पुढं आले. ते जिंकल्यासारखे दिसत नव्हते. "सिस्टर, मी ह्या दुकानदाराला सांगून हिच्या चाकात हवा कमी भरायला लावली होती. लोखंडीच्या चाकात दगडासारखी टाइट. आता दोन्हीत सारखी भरू. परत बसा."

सारखी हवा भरून त्या परत दोन्हीवर बसल्या. या वेळी बराच वेळ लावला. पार वळणापर्यंत जाऊन आल्या. उतरल्या आणि म्हणाल्या, "काईच कळत न्हाई. दोघी सारख्याच."

मग त्या पुलाच्या कठड्यावर बसल्या. मला वाटलं, आता डॉक्टरांवर चिडतील. फसवलं म्हणतील. म्हणायला जागाही होती. पण त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "म्हंजे इतके दिवस हवेचं पुण्य मी लोखंडाला देऊन राहिले होते." त्यांच्या जुन्या निळ्या सायकलीचे टायर जाड होते आणि पंप कच्चा, त्यामुळं त्यात हवा कायम कमीच असायची. आराम होता तो त्याचा होता.

एखाद्यानं हे तिथंच संपवलं असतं. सिस्टर त्याच आठवड्यात एकेकाच्या घरी गेल्या. मी त्यांच्याबरोबर होते. विमा एजंट जेवत होता. त्याला उठू न देता दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही माझ्या सांगण्यावरून लोखंडी घेतली. माझं चुकलं होतं. चाकात हवा जरा कमी ठेवा, आराम त्यातनं येतो."

तो कसानुसा हसला. "पण सिस्टर, मला तर लई आरामशीर वाटती."

"वाटू द्या. पण मी सांगितलेलं कारण खोटं होतं. ते डोक्यातनं काढा."

मास्तरांच्या घरीही तेच. मी अनेक शिकलेली माणसं बघितली आहेत, मीही त्यांतलीच. स्वतःची चूक सांगायला असं दारोदार जाणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. वर्गात फळ्यावर माझं उदाहरण चुकलं की आता मी तसं स्पष्ट सांगते. मुलं आधी हसायची, आता हसत नाहीत.

मी जर्मनची घेतली, जाड टायरची. सिस्टरनी निळी सोडली नाही. "आता आरामासाठी न्हाई. आवडती म्हणून," म्हणाल्या.

याच सुमारास त्यांचा मुलगा लातूरहून आला. स्वभावानं चांगला, आईवर जीव असलेला, पण आईची सायकल त्याला सहन होत नव्हती. माझ्यासमोरच विषय निघाला.

"आई, लोक विचारतात मला. तुझी आई या वयात हायवेवर सायकल चालवते म्हणून. उद्या पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, तर? तूच सांग, तुझ्या वॉर्डात अशा किती म्हाताऱ्या आल्या?"

"लई आल्या. बाथरूममधी पडून आल्या. सायकलवरनं एक बी न्हाई आली."

"लातूरला ये राहायला. ही विकून टाक."

सिस्टर म्हणाल्या, "लातूरला येते. सायकलवर येते."

त्याला तो टोमणा वाटला आणि तोही इरेला पेटला. "ये. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून धड उठलीस, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. दुखणं घेऊन पडलीस, तर सायकल विकायची."

"ठरलं," सिस्टर म्हणाल्या.

डिसेंबरात उजाडता उजाडता आम्ही दोघी निघालो. लोहा मागं पडलं तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. दोन्हीकडं तुरी पिवळ्या फुलांनी लगडल्या होत्या, मधेच हरभरा. माळाकोळीच्या पुढच्या चढाला मी दमले. सिस्टर मात्र घाई न करता, वॉर्डात राउंड घ्यावा तशा एका चालीनं चढत राहिल्या. वर पोचल्यावर मागं वळून म्हणाल्या, "खांदे कानाला कामून लावलेस? सोड खाली." अहमदपूरला भाकरी-पिठलं खाल्लं. ट्रकवाले बघत होते. एक जण म्हणाला, "मावशी, कुठं?" "लातूर." त्यानं आपल्या ताटातली हिरवी मिरची उचलून सिस्टरच्या ताटात ठेवली. मान म्हणूनच असावी ती.

शिरूर ताजबंदच्या अलीकडं त्यांच्या सायकलीतून कुरकुर ऐकू यायला लागली. त्या उतरल्या, खाली वाकल्या. मागच्या चाकाला धरणारी बारीक नळी चाकाच्या जवळच चिरली होती.

"फ्रॅक्चर हाय," त्या म्हणाल्या. "पण सरकलं न्हाई."

सायकली हातात धरून आम्ही गावापर्यंत चाललो. तिथं ट्रॉल्या दुरुस्त करणारा एक जण गॅस वेल्डिंग करत होता. त्यानं नळीवरचा रंग खरवडला, बारीक ज्योत लावली आणि पितळेच्या काडीनं चीर भरून काढली. काम झाल्यावर चष्मा वर करून म्हणाला, "मावशी, लोखंडी हाय म्हणून जमलं. ह्या चंदेरीला म्या हात बी लावला नसता."

मला आनंद झाला. वाटलं, अखेर लोखंडाची बाजू खरी ठरली. म्हटलं, "सिस्टर, डॉक्टरांना सांगू आपण."

"काय सांगशील? मी आरामासाठी लोखंड म्हणत होते. वेल्डिंगसाठी म्हणले होते का? मंग हे माझ्या बाजूला धरू नकोस."

चाकूर जवळ आलं. रस्ता तिथं नवा, रुंद, टेबलावर हात फिरवावा तसा. एका लिंबाच्या झाडाशी त्यांनी पाय टेकवला. मला वाटलं, दमल्या.

"इथं आमचं पाल होतं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. उदगीरकडच्या त्यांच्या गावात दुष्काळ पडला तेव्हा आई-बाप या रस्त्याच्या कामावर येऊन इथंच पाल ठोकून राहिले होते. बाप खडी फोडायचा, आई टोपल्यानं वाहायची. सिस्टर तेव्हा लहान होत्या, पालात धाकट्या भावाला सांभाळायच्या. बापाच्या हाताला इतके घट्टे होते की तो त्यांच्या गालाला तळहात लावायचा नाही, मागची बाजू लावायचा. त्याच बापानं पुढं त्यांना नर्सिंगला धाडलं. गावातून नर्सिंगला जाणारी ती पहिली मुलगी.

"त्यानं हा रस्ता केला, पण त्यावरनं कधी गाडीत बसून गेला न्हाई," त्या म्हणाल्या. "जुना रस्ता खालीच असल. वरून दुसरा घातलाय." पायानं डांबर दाबून बघितलं. मग सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "चल. असा रस्ता असला की लोखंड काय अन् जर्मन काय."

तिथून लातूरपर्यंत मी त्यांच्या मागं होते. पांढरी पाठ ताठ, पाय एका लयीत. मला अभिमान वाटत होता आणि तो कुणाला सांगावा ते कळत नव्हतं. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवून सांगावं, की बघा, ही बाई कोण आहे.

दिवस मावळायला आम्ही लातुरात शिरलो. क्लास सुटले होते. पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींनी रस्ते भरलेले, रिक्षांची गर्दी. मुलगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं आईला खालपासून वरपर्यंत बघितलं, सायकल हातातून घेतली आणि फक्त म्हणाला, "पाणी तापवलंय."

सकाळी मला जाग आली तेव्हा सिस्टर शेजारच्या अंथरुणात जाग्याच होत्या, आढ्याकडं बघत.

"मान वळत न्हाई," त्या म्हणाल्या.

मी दचकून उठले. दार लावलेलं होतं. हळूच म्हटलं, "गरम पाण्याची पिशवी आणते. तासाभरात सैल पडेल. तोवर त्यांना सांगू, झोपल्यात म्हणून."

त्यांनी डोळेच तेवढे माझ्याकडं वळवले. "जन्मभर पेशंटला सांगितलं, दुखतंय ते लपवू नका. आता मी लपवू?" आणि मोठ्यानं मुलाला हाक मारली.

तो आला. दारात उभा राहिला.

"पाठ ठीक हाय," सिस्टर म्हणाल्या. "कंबर ठीक हाय. गुडघे ठीक हायत. मान धरलीय. धड उठता येईना. ठरल्याप्रमाणं तू जिंकलास."

त्याचा चेहरा जिंकल्यासारखा झाला नाही. तो येऊन त्यांच्या उशाशी बसला. "कशानं धरली?"

"हँडल लांब पडतं. सरदारजीच्या मापाचं हाय ते. दिवसभर मान वर काढून बगावं लागलं. लोखंडाचा दोष न्हाई, रस्त्याचा न्हाई. मापाचा हाय."

त्यानं त्यांच्या मानेखाली हात घातला, सावकाश उठवून भिंतीला टेकवलं, पाठीमागं उशी दिली. चहा आणून दिला. मग सायकल घेऊन बाहेर पडला. सिस्टर चहाचा कप हातात धरून बसल्या. त्या रडल्या नाहीत, पण चहाही प्याल्या नाहीत. मला वाटलं, तो लगेच विकायलाच गेला. त्यांनाही तसंच वाटलं असावं. "गिऱ्हाईक चांगलं बगायला पायजे होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी ओट्यावर खडखड ऐकू आली म्हणून मी बाहेर आले. निळी सायकल भिंतीला टेकवलेली होती आणि तो उकिडवा बसून पान्यानं काहीतरी फिरवत होता. शेजारी एक आखूड दांडी पडली होती, हँडल जवळ आणणारी. सायकलच्या दुकानातून स्वतः मापून आणलेली. आतून भिंतीला धरत धरत सिस्टर दारापर्यंत आल्या.

"उलटं फिरवून राहिलास," त्या म्हणाल्या.

त्यानं पाना सुलटा धरला.

समोरून शेजारचे एक गृहस्थ चालले होते. थांबून म्हणाले, "काय सर, सायकल घेतली काय?"

तो मान वर न करता म्हणाला, "आईची आहे. काल नांदेडहून आली, हिच्यावर." गृहस्थ हसून पुढं निघाले. चार पावलं गेले असतील, तेव्हा त्यानं पान्यासकट हात वर केला आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आणि मान बरी झाली की परतही हिच्यावरच जाणार आहे."